हतनूरचा गाळ आणि मामांचा सातबारा

बाहेर ४४ डिग्री आहे, कूलरची टाकी दुपारपासून दोनदा भरून झाली, आणि मी थंडीतल्या बदकांवर लिहायला बसलेय. हसा खुशाल. जानेवारीतच लिहिणार होते पण मग बोर्डाचे पेपर आले, मग पेपर तपासणी आली, मग लग्नसराई, आणि काल संध्याकाळी मामांचा फोन आला तेव्हा वाटलं की आता नाही लिहिलं तर पुढचा हिवाळा उजाडेल. मामा काय म्हणाले ते शेवटी सांगते, कारण आधीचं माहीत नसेल तर त्यात काही गंमत नाही.

तर नोव्हेंबर. हतनूरला तीन चकरा झाल्या आणि तिन्ही वेळा हात हलवत परत. अगदीच काही नव्हतं असं नाही, टिबुकल्या होत्या, पाणकावळे पंख पसरून खुंटावर बसलेले होते, दोन-चार नदी सुरय पाण्यावर येरझारा घालत होते. पण पहाटे पाचला उठायचं, स्वेटर, कानटोपी, त्यावर ओढणी, त्यावर आणखी एक ओढणी असा अवतार करून भुसावळहून स्कूटीवर निघायचं, आणि टिबुकली बघून घरी यायचं? टिबुकली तर आमच्या इथल्या डबक्यात पण दिसते. त्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक रोज जायकवाडीचे नि उजनीचे फोटो टाकणार, म्हणजे जखमेवर मीठच.

ज्यांना हतनूर माहीत नाही त्यांच्यासाठी, हे तापीवरचं धरण, भुसावळ तालुक्यात, दर पावसाळ्यात "हतनूरचे ४१ दरवाजे उघडले" अशी बातमी येते ना तेच. मागचं पाणी पार चांगदेवपर्यंत जातं, जिथे पूर्णा येऊन तापीला मिळते, तो संगम, ते चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ, सगळं त्याच पाण्याच्या काठावर. एका अंगाला मुक्ताईनगर, दुसऱ्या अंगाला रावेर तालुका आणि त्याच्या केळीच्या बागा. धरण काही फार खोल नाही, पसरट आहे, आणि तापी नि पूर्णा दोघी मिळून दरवर्षी इतकी माती आणून टाकतात की गाळाने ते भरत चाललंय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तिसरी चक्कर फुकट गेली तेव्हा मी वाटेत मामांकडे चहाला थांबले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, सत्तरी ओलांडलेली, केळी लावणारा माणूस, पाखरं या विषयाशी संबंध एवढाच की दादर निसवली की भोरड्या हाकलायच्या. मी रडगाणं गायले की मामा, पक्षीच नाहीत यंदा. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "धरण टम्म भरेल आहे आता, पाखरू बशीन कुठी? आवर्तन सुटू दे. मंग ये."

मी दहा वर्षं दुर्बीण गळ्यात घालून हिंडतेय आणि ही गोष्ट मला कोणी इतकी सोपी करून सांगितली नव्हती.

म्हणजे बघा, ऑक्टोबरात धरण काठोकाठ भरलेलं असतं. काठ म्हणजे थेट खोल पाणी, नाहीतर बाभळी आणि बेशरमची झुडपं. बदकं काय सगळी सारखी नसतात, निम्म्याहून जास्त जाती अशा की ज्यांना बुडी मारताच येत नाही किंवा मारायची सवय नाही. तलवार बदक डोकं खाली शेपूट वर करून उभं राहतं आणि मान पोचेल तेवढ्या खोलीवरचंच खातं, त्याची मान बाकीच्यांपेक्षा लांब म्हणून त्याला थोडं जास्त खोल चालतं एवढंच. चक्रांग तर त्याहून बुटकं, त्याला वीतभर पाणी पाहिजे. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद आणि तिच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते, तो तोंड पाण्यात घालून पाणी आत ओढतो नि बाजूने सोडतो, जे काय किडे-बिया-बारीकसारीक आत अडकेल ते खातो, कधी कधी पाच-दहा थापटे मिळून गोल गोल फिरतात म्हणजे तळाचा गाळ ढवळून वर यावा. गाळ गाळून खाणारा प्राणी. आणि शेकाट्या, तुतवार, टिलवे ही चिखलात चालणारी मंडळी, त्यांना तर पोहायचंच नसतं, त्यांना ओला नुकता उघडा पडलेला चिखल हवा. मग नोव्हेंबरात भरलेल्या धरणावर त्यांनी करायचं काय?

रब्बीचं आवर्तन सुटलं, कालव्याला पाणी गेलं, की धरणाची पातळी उतरायला लागते आणि पसरट धरण असल्यामुळे पातळी थोडी जरी उतरली तरी काठ पाच-पन्नास पावलं आत सरकतो. तो सरकलेला पट्टा म्हणजे यांचं जेवणाचं ताट. डिसेंबर संपता संपता ते ताट वाढलं जातं. आम्ही पक्षीवाले तारखा बघतो, थंडी किती पडली ते बघतो, आणि शेतकरी नुसतं पाणी बघतो आणि तो बरोबर असतो.

(थंडीचा संबंध नसतो असं नाही. पण ती थंडी इथली नाही, तिकडची. सायबेरियात, मंगोलियात, लडाख-तिबेटात तळी गोठली की ते निघतात. इथे जळगाव जिल्ह्यात पारा आठवर आला काय नि चौदावर राहिला काय, त्यांना दोन्ही उन्हाळाच.)

अजून एक कारण होतं नोव्हेंबर फुकट जाण्याचं, ते माझ्या अंगाशी आलेलं म्हणून सांगते. नवीन लोकांनी ऐकून ठेवा. बदकांचे नर विणीनंतर पिसं झडून मादीसारखे मातकट होतात आणि इकडे आले तरी सुरुवातीचे काही आठवडे तसेच असतात. मी पहिल्या चकरेत लांबवर बसलेली वीसेक मातकट बदकं बघितली आणि "काही नाही, हळदी-कुंकूच असतील" म्हणून पुढे गेले. हळदी-कुंकू म्हणजे ते आपलं बारमाही राहणारं, चोचीच्या टोकाला पिवळं नि बुडाशी लाल ठिपके असलेलं बदक, काय गोड नाव आहे. नंतर फोटो मोठा करून बघितला तर निम्मी मलिन बदकं निघाली. आता मलिन बदक तसंही नावाप्रमाणेच, पण जानेवारीत त्याचा नर नीट बघा कधी, राखाडी अंगावर इतकी बारीक नक्षी असते की येवल्याच्या विणकरानं बघत बसावं.

तर मामांच्या सल्ल्यानं मी जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी त्यांच्याकडे मुक्कामालाच गेले. आईची अट होतीच, पहाटे एकटी पाण्याकाठी जायचं नाही, दादाला, म्हणजे मामांना, घेऊन जा. मामा म्हणाले येतो, मला तसंही चार वाजता बागेत धूर करायला उठावंच लागतं. कडाका पडला की केळीवर चरका येतो, पानं करपल्यासारखी होतात, नवा पोंगा अडकतो, म्हणून लोक रात्री बागेला पाणी देतात आणि बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात. पहाटे साडेपाचला आम्ही निघालो तेव्हा सगळ्या शिवारावर धुराचा नि धुक्याचा मिळून एक थर बसलेला होता, केळीच्या पानांवरून टपटप दव, आणि मामांच्या खांद्यावर गोधडी. शालबिल नाही, गोधडीच. मला म्हणाले तुझ्या त्या जॅकेटपेक्षा भारी आहे, आणि होती पण.

काठावर पोचलो तर काही दिसेना. नुसता आवाज. धुक्याच्या आतून शिट्टी, गुरगुर, फडफड, मधेच कोणी पाण्यावरून धावत गेल्याचा चटचट आवाज. मला हा वेळ सगळ्यात आवडतो, दिसत काही नसतं पण कळतं की माणसं, सॉरी, पाखरं भरपूर जमलीयत, जसं लग्नघरी मांडवाबाहेरूनच कळतं. ती चक्रांगाच्या नराची बारीक शिट्टी एकदा ओळखू आली की परत विसरत नाही. मामा म्हणाले बेडकं ओरडून राह्यले का. मी म्हटलं नाही, बदकं.

सव्वासातला सूर्य आला आणि धुकं पाण्यावरून वर उचलायला लागलं तेव्हा पहिल्यांदा दिसले ते वारकरी. हो, वारकरीच म्हणतात त्याला, काळाकुट्ट पक्षी आणि कपाळावर पांढरंशुभ्र, गोपीचंदन लावल्यासारखं. काही जण चांदवा म्हणतात. पण मुक्ताईच्या शिवारात त्याला चांदवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माघात महाशिवरात्रीला दिंड्या मुक्ताईनगरला येतात, आणि त्याआधीच महिनाभर ही दिंडी पाण्यावर येऊन उतरलेली असते, तशीच दाटीवाटीनं, तशीच आपसात भांडत. मी मामांना हे नाव सांगितलं तर ते इतके खूष झाले की पुढचा तासभर प्रत्येक काळ्या ठिपक्याला "राम कृष्ण हरी" म्हणत होते.

आणि मग मोजणी. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, आपल्या देशात बीएनएचएसची, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची, त्यात मोठी भूमिका. जानेवारीच का, तर तोपर्यंत येणारे येऊन स्थिरावलेले असतात नि जाणारे अजून निघालेले नसतात, म्हणून एकच थवा दोन ठिकाणी मोजला जायची भीती कमी. मी काही मोठी जाणकार नाही पण आपल्या काठाचा आकडा द्यायचा एवढं दरवर्षी करते. पद्धत अशी की एक एक पक्षी मोजायचा नाही, डोळ्यानं दहांचा एक घोळका धरायचा, तसे पाच घोळके म्हणजे किती जागा व्यापली ते मनात बसवायचं, आणि तेवढा पन्नासाचा तुकडा थव्यावर ठेवत ठेवत पुढे जायचं. थवा हलतो, मधे बुडी मारणारे असतात, एखादी दलदलीवरची भोवत्या घार वरून गेली की सगळा हिशेब परत शून्यावर. मी अर्धा तास खपून वारकऱ्यांचा आकडा काढला, १३८०.

मामा गोधडीतून म्हणाले, "चौदाशे खोडं असतीन."

मी म्हटलं काय? तर ते म्हणे, बाग कशी मोजता तुम्ही लोक मला माहीत नाही, आम्ही तर बांधावर उभं राहून सांगतो की ही पाच हजार खोडांची, ही तीन हजारांची. चार ओळी नजरेनं धरायच्या नि पुढे सरकवत न्यायचं. म्हणजे मी जे शिबिरात शिकून आले ते हा माणूस पन्नास वर्षं केळीवर करतोय! त्यानंतर मी प्रत्येक थव्याचा आकडा आधी त्यांना विचारला आणि मग स्वतः मोजला, थापट्यांच्या बाबतीत ते जरा जास्त सांगत होते, बाकी आमचं जमलं. चेकलिस्टमध्ये निरीक्षक दोन असे लिहिले. ई-बर्डवर, म्हणजे आम्ही पक्ष्यांच्या नोंदी टाकतो त्या साइटवर, खोडांचा पर्याय नाही याची खंत वाटली.

उन्हाचं मात्र चुकलं होतं माझं. आम्ही उत्तर काठावर, तोंड दक्षिणेला, आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, म्हणजे समोरून डोळ्यात. सगळी बदकं नुसत्या काळ्या आकृत्या. रंग काही कळेना. मामांनी विचारलं तुला उजेड पाठीशी पाहिजे का, हो म्हटल्यावर मला काठानं अर्धा किलोमीटर चालवत एका वळणावर घेऊन गेले जिथे पाणी पश्चिमेला येतं, आणि तिथून जे दिसलं ते... काय सांगू. तलवार बदकांचे नर, चॉकलेटी डोकं नि मानेवरून वर चढत गेलेली पांढरी रेघ. थापटे, हिरवं डोकं, पांढरी छाती, विटकरी पोट. मधल्या खोल पाण्यात लालसरींचा एक वेगळाच कळप, ही बुडी मारणारी, म्हणून ती सहसा काठावर येत नाही. लालसरी एकेकाळी किती साधी गोष्ट होती, आता जगभरात कमी होत चाललीय म्हणून २०१५ पासून तिला असुरक्षित ठरवलंय, तरी त्या दिवशी चाळीसेक होत्या. चिखलावर शेकाटे गुलाबी काठ्यांवर उभे. आणि पायाशी, अगदी पायाशी, टिलवे. वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव, चिमणीएवढा, पार आर्क्टिकच्या काठावर अंडी घालतो आणि जानेवारीत आमच्या रावेर तालुक्यात शिवणयंत्रासारखी चोच चालवत चिखल टोचत बसतो. मामांना दुर्बीण दिली तर त्यांनी आधी उलटी धरली, मग सुलटी करून बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "ते तांबडं जोडपं पाय. ते बसलं ना, तठी आपली इहीर होती."

तांबडं जोडपं म्हणजे चक्रवाक. तेच ते संस्कृत काव्यातलं, दिवसा एकत्र नि रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट झालेलं. खरं तर रात्री काही ताटातूट वगैरे होत नाही त्यांची, पण जोडीजोडीनं राहतात हे खरं, आणि आवाज असा की कोणीतरी लांबून हाक मारतंय. मी त्या जोडीकडे बघत होते आणि मामा तिच्या खालच्या जमिनीकडे.

मला माहीत होतं की मामांचं जुनं गाव बुडितात गेलं. लहानपणापासून ऐकलेलं, की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला धरण झालं, पाणी आलं, गाव उठलं, नवीन ठिकाणी प्लॉट मिळाले. आई त्या गावाच्या गोष्टी सांगायची, मारुतीचा पार, घराच्या मागचा आंबा. पण हे सगळं माझ्यासाठी "जुनं गाव" या दोन शब्दांत होतं. मी सहा-सात हिवाळे त्याच काठावर येऊन बदकं मोजली आणि मला एकदाही सुचलं नाही की ज्या चिखलाच्या मी चेकलिस्टमध्ये "उत्कृष्ट मडफ्लॅट" अशी नोंद करतेय ते कोणाचं तरी शेत होतं. कोणाचं तरी काय, माझ्या आजोबांचं.

मामा रडले-बिडले नाहीत हो. तसला माणूसच नाही तो. उलट सुरू झाले, हे इथून तिथपर्यंत आपलं, त्या बाभळीपासून पलीकडे पाटलांचं, जिथे पांढरे बगळे ना तिथे दादर लावायचो, कसली दादर यायची, त्या काळ्या रानात पाणी द्यायची गरज नव्हती. ते शेकाटे उभे आहेत तो खळवाडीचा भाग. आणि थापट्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पाय कसे माह्या सातबाऱ्यावर बसेल आहे, ना खंड देत ना वाटा." मग स्वतःच हसले. त्या दिवशीची माझी चेकलिस्ट म्हणजे वेडेपणा आहे, शेऱ्यांच्या रकान्यात मी लिहून ठेवलंय, चक्रवाक २, विहिरीवर.

आता गाळाचं. मला हे स्वतःशीच नीट सोडवता येत नाही म्हणून लिहितेय. गाळ म्हणजे धरणाचं मरण. जेवढा गाळ साठला तेवढं पाणी कमी, तेवढी कालव्याच्या शेपटाकडची शेतं कोरडी, आणि भुसावळात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते भुसावळकरांना विचारा, मी ड्रम भरणारी बाई आहे, मला गाळाचं कौतुक करायला लाज वाटते. पण पाखरं येतात ती गाळामुळेच. निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर बघा, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, तो गाळानं भरला, बेटं झाली, पाणकणीस माजलं, आणि आज ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा आहे, २०२० साली झालं. तिथे मनोरे आहेत, गाइड आहेत, दुर्बिणी भाड्यानं मिळतात, मी दोनदा जाऊन आलेय आणि परत जाईन, जांभळ्या पाणकोंबड्या तर इतक्या की आपल्याकडे साळुंक्या असाव्यात. म्हणजे पाटबंधारेवाल्यांच्या वहीत जे नापास झालं ते पक्ष्यांच्या वहीत पहिलं आलं. मी मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग आमचं गाव कोनाच्या वहीत पास झालं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

साडेनऊच्या सुमारास एक गाडी आली. चौघं उतरले, मोठमोठ्या लेन्सा, कुठून आले ते सांगत नाही. पंधरा मिनिटं नीट फोटो काढले आणि मग त्यातल्या एकाला उडतानाचा फोटो पाहिजे होता म्हणून त्यानं सरळ दगड मारला. सगळं पाणी उठलं. दोन-अडीच हजार पंख एकदम. दिसायला भव्य, हो, फोटो पण जबरदस्त आले असतील. पण त्या जिवांना इथे दोन-अडीच महिन्यांत अंगावर चरबी चढवायची असते, मार्चमध्ये हिमालय ओलांडून जायचं तर तेच इंधन, आणि खाण्याच्या वेळेला दिवसातून चार वेळा असं उठवलं तर कमावलेलं सगळं उडण्यातच जातं. मी हे सगळं व्यवस्थित, शिक्षिकेच्या आवाजात, सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मामा गोधडी सावरत पुढे गेले नि म्हणाले, "काय भो, तुमच्या घरी पंगतीत बसेल पाव्हण्याले ताटावरून उठवता का तुम्ही?" तो पोरगा इतका ओशाळला. माझ्या कॅलरीच्या भाषणानं काही झालं नसतं.

उठलेल्या थव्यातली अर्धी बदकं खाली बसली, अर्धी चांगदेवच्या दिशेनं गेली ती गेलीच. तांबडं जोडपं मात्र एक चक्कर मारून बरोबर विहिरीवर परत.

आम्हीही निघालो. वाटेत कोळी बांधव ट्यूबवर बसून जाळी काढत होते, त्यांच्याशी मामांनी माशांच्या भावावर गप्पा मारल्या आणि मी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले. हा तपशील मी गाळणार होते पण मामी हे वाचते. वरून कडक पापुद्रा, खाली लोणी, असा तो गाळ असतो, पांढरट तडे गेलेले दिसले म्हणजे वाळलं असं समजायचं नाही. एक बूट अजून तिथेच आहे, धरणाच्या साठवण क्षमतेत तेवढीच आणखी घट. घरी मामीनं पऱ्हाट्यांवर बामणोदची वांगी भाजलेली होती, भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि मी एका पायात मामांची चप्पल घालून दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर फेब्रुवारीत दोनदा गेले. एकदा पट्टकादंब मिळाले, ११, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, हरभऱ्याच्या शेतात गुरांसारखे चरत होते. हा तो पक्षी जो हिमालयावरून उडतो, त्यांच्या पाठीवर यंत्रं लावून मोजलंय, सहा-सात हजार मीटरपर्यंत चढतात. एवढ्या उंचीवरून आलेला प्राणी हरभऱ्याचे घाटे खाताना बघून शेतमालक काही हरखला नव्हता, हे पण लिहायला पाहिजे. आणि अनेर धरणाच्या अभयारण्यात, शिरपूर तालुक्यात, एक रविवार गेला, पक्षी थोडे पण शांतता एवढी की कान दुखले. त्याबद्दल नंतर कधीतरी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मामांचा पहिला फोन आला होता. आजवर मामांनी मला फोन केला म्हणजे कोणाचं तरी लग्न ठरलेलं असायचं नाहीतर कोणीतरी गेलेलं असायचं. पोटात गोळाच आला. तर म्हणे, "तांबडे गेले वं माय. काल होते, आज नही." एवढंच. मी वर्गाच्या बाहेर पॅसेजमध्ये उभी, आत आठवीची पोरं गोंधळ घालतायत, मी म्हटलं बरं मामा, तारीख लिहून ठेवा. "लिहेल आहे," म्हणाले. केळीच्या घडांचा हिशेब असतो ना, त्या वहीत.

आणि काल दुसरा. पाणी आता पार आत गेलंय. यंदा त्यांनी आणि शेजारच्यांनी मिळून गाळपेऱ्याची, म्हणजे पाणी उतरल्यावर उघडी पडणारी, जमीन एकसाली घेतली होती, धरणग्रस्तांना त्यात आधी नंबर मिळतो, आणि नंबर नेमका जुन्या रानाच्या जवळ लागला. म्हणजे स्वतःच्याच शेतात एका हंगामापुरते भाडेकरू. टरबूज लावलंय. विहिरीचा दगडी कठडा वर आला, दोन हात उघडा पडला, आतून गाळानं बुजलेला आहे पण गोल पूर्ण दिसतो, तुझ्या आईला घेऊन ये म्हणाले, तिला तिच्या आईचा धुणं धुवायचा दगड दाखवतो.

मी म्हटलं येते, पण या उन्हात आता पक्षी तर काही नसतील.

"आहे ना. इहिरीच्या कडेले टिटवीनं अंडे घातले. चार. तेवढा तुकडा सोडून पाणी देतो मी." मग जरा थांबून, खरोखरच्या काळजीनं, "पन एवढ्या खाली घातले वं तिनं. म्हंजे पाऊस उशिरा दिसते यंदा."